व्हॅनमध्ये कॉम्प्युटर आला कुठून?

मी धामणगाव बढेचा, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. पोटासाठी कोड लिहितो. आजच्या भागात इतिहास आहे, पण राजे-महाराजांचा नाही. पेशंटला बुलढाण्याला नेणारी, पाहुण्यांना मलकापूर स्टेशनवरून आणणारी जी जुनी मारुती व्हॅन असते ना, तिच्या इंजिनाचा.

ही व्हॅन आली १९८४ मध्ये. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन पुढच्या सीटखाली. पुढे तिचं नाव झालं ओमनी. तिच्यात कॉम्प्युटर नव्हताच. पेट्रोल मोजायचा कार्ब्युरेटर, ठिणगी पाडायचे पॉइंट, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर. ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या आसपास कॅडिलॅकसाठी बसवली होती. म्हणजे सत्तर वर्षं जुनी युक्ती! पण मेकॅनिकला ती डोळ्यांनी दिसायची. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, गॅप लावला, कानाने टायमिंग जुळवलं, गाडी चालू.

मग कॉम्प्युटर कशाला? कारण होतं दिल्लीचा धूर. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजधानी परिसरातल्या नव्या खाजगी गाड्यांना १ एप्रिल २००० पासून युरो-२ सक्तीचं केलं. २००५ पासून त्याच दर्जाचा भारत स्टेज-२ देशभर लागू झाला. धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर नीट चालायला एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटरला हा हिशोब प्रत्येक क्षणी जमत नाही. म्हणून सेन्सर, इंजेक्टर आणि ईसीएम आले. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच डब्याच्या ताब्यात देण्याचं काम बॉशने १९७९ मध्येच बीएमडब्ल्यूत केलं होतं. आपल्याकडे ते पोचायला वीस वर्षं लागली.

यात एक गोष्ट हरवली: बिघाड डोळ्यांना दिसेना. म्हणून आजही गाडी बंद पडली की पहिला आळ ईसीएमवर येतो. महागडा डबा बदलतात, आणि दोष निघतो गंजलेल्या अर्थिंगमध्ये!

आमच्या धंद्यात एक नियम आहे: आधी इनपुट तपासा, मग प्रोग्रामला शिव्या द्या. इथंही तेच. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज किती पडतो? फ्यूज आणि अर्थिंग ठीक? ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही गायब असतील, तर क्रँक किंवा कॅमजवळचा सेन्सर आणि त्याची वायर बघा. ठिणगी आहे पण पेट्रोल नाही, तर पंप आणि त्याचा रिले. आणि हो, प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरायची जुनी सवय सोडा. त्यात कॉइल, ईसीएम आणि हात तिन्ही धोक्यात. स्पार्क टेस्टर वापरा.

डबा मुका नसतो, बरं का. त्या काळच्या सुझुकीच्या अनेक गाड्यांत तपासणीची पिन जोडली की इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगायचा. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे १२: ईसीएमला दोष सापडला नाही.

ओमनीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण गावच्या रस्त्यावर ती अजून धावते. तिला जिवंत ठेवायला जुन्या मेकॅनिकचा कान आणि नव्या पोराचा मल्टिमीटर, दोन्ही एकाच गॅरेजात लागतील. तुमच्या गावात असं गॅरेज आहे का? सांगा नक्की. भेटू पुढच्या भागात!