विम्याचं दार आणि उंबरठ्याबाहेरची माणसं

विमा परवडत नाही, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. गाडीचा हप्ता दरवर्षी वाढतो, घराचा विमा काय असतो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, आणि आरोग्य विम्याचं म्हणाल तर ज्या वयात त्याची खरी गरज लागते त्याच वयात तो हाताबाहेर जातो. आपल्याला वाटतं, हे सगळं खासगी कंपन्या आल्यापासून सुरू झालं. पण विम्याचा इतिहास चाळताना माझ्या लक्षात आलं, की ही तक्रार चांगली दोनशे वर्षं जुनी आहे. आत कोणाला घ्यायचं आणि उंबरठ्याबाहेर कोणाला ठेवायचं, हा प्रश्न विम्याच्या जन्मापासून त्याच्याबरोबर चालत आला आहे.

आपल्या देशातली पहिली आयुर्विमा कंपनी १८१८ साली कलकत्त्यात निघाली. नाव ओरिएंटल, पण सोय युरोपियन कुटुंबांची. ही कंपनी १८३४ मध्ये बुडाली. पुढे ज्या परदेशी कंपन्या हिंदी माणसांचा विमा उतरवू लागल्या, त्या त्यांच्याकडून जादा हप्ता घेत. हिंदी माणसाचं आयुष्य जास्त जोखमीचं, असा त्यांचा हिशेब. दोघांचं वय सारखं, प्रकृती सारखी, तरी कातडीच्या रंगावरून दर वेगळा.

हा भेद पहिल्यांदा मोडला तो मुंबईत. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ अॅशुरन्स सोसायटीनं हिंदी माणसांना नेहमीच्याच दरानं विमा द्यायला सुरुवात केली. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी ही कंपनी निघाली आणि पुढे देशभर पसरली. स्वदेशीच्या चळवळीनं या धंद्याला आणखी बळ दिलं. १९१३ साली साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांकडे न बघता साताऱ्यासारख्या गावात विमा कंपनी उभी राहते, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

दार उघडलं, पण घर पक्कं नव्हतं. लहानसहान कंपन्या भराभर निघाल्या आणि त्यातल्या कित्येक बुडाल्या. काही उद्योगपतींनी विमेदारांचा पैसा स्वतःच्या धंद्यात वळवला. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत असे गैरव्यवहार उघड केले. त्यानंतर महिनाभरानं, १९ जानेवारी १९५६ रोजी, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. तेव्हाचे अर्थमंत्री म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख. त्यांनी हा निर्णय देशाला सांगितला तो आकाशवाणीवरूनच. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, म्हणजे एकूण २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. साताऱ्याची कंपनीही त्यात गेली.

खेड्यापाड्यांतल्या साध्या माणसापर्यंत विमा पोचवायचा, हा राष्ट्रीयीकरणाचा एक मुख्य हेतू होता, आणि महामंडळाच्या एजंटांनी तो बऱ्याच अंशी पुरा केला हे मान्य करायला हवं. पण सरकारी घरालाही उंबरठा होताच. महामंडळाची एक कमी हप्त्याची मुदत विम्याची योजना होती. ती फक्त सरकारी, निमसरकारी किंवा नामांकित व्यापारी पेढ्यांतल्या नोकरदारांसाठी राखून ठेवलेली. शेतकरी, फेरीवाला, सुतार, गवंडी यांनी स्वस्त विमा मागायचा नाही. त्यांनी महागाचाच घ्यावा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९५ मध्ये न्यायालयानं ही अट घटनाबाह्य ठरवली. विम्याच्या अटी न्याय्य आणि वाजवी असल्या पाहिजेत, आणि त्यांनी कोणाला विनाकारण बाहेर ठेवता कामा नये, असं त्या निकालाचं सार आहे.

आता गाडीकडे वळू. रस्त्यावर दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी म्हणून थर्ड पार्टी विमा सक्तीचा करण्यात आला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली ही तरतूद १९४६ पासून अमलात आली. सक्ती म्हटली की दर सरकारनं बांधायचा, हे ओघानंच आलं. पण कंपन्यांना या विम्यात तोटा होई, विशेषतः ट्रकच्या. मग ट्रकवाल्याला विमा नाकारायचे प्रकार सुरू झाले. कायदा म्हणतो विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नकोस, आणि कंपनी म्हणते आमच्याकडे येऊ नकोस! अखेर १ एप्रिल २००७ पासून सर्व कंपन्यांचा एक सामाईक निधी करून व्यापारी वाहनांचा तोटा सगळ्यांत वाटून देण्याची व्यवस्था झाली. ती २०१२ पर्यंत चालली. थर्ड पार्टीचे दर त्यानंतरही बांधलेलेच राहिले. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दर मात्र २००७ पासून कंपन्यांच्या हाती गेला.

याच गाड्यांनी २६ जुलै २००५ रोजी एक धडा दिला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. ज्यांनी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला, त्यांना इंजिनच्या भरपाईसाठी झगडावं लागलं. इंजिनचं नुकसान पुरामुळे झालं नाही, तर तुम्ही चावी फिरवल्यामुळे झालं, असा युक्तिवाद. आता इंजिनसाठी वेगळा जादा हप्ता भरून संरक्षण घेता येतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण विमा घेतला असं समजत होतो, तिच्यासाठी पुन्हा विमा घ्यायचा!

घराच्या विम्याची कथा आणखी वेगळी. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, २००१ ला भूजचा. आयुष्याची कमाई माती झाली, पण विम्याकडे बघायची सवय काही लागली नाही. याला लोकांचा आळसच कारण नव्हता. जुन्या पॉलिसीत एक सरासरीचं कलम असे. समजा घर बांधायला वीस लाख लागतात आणि तुम्ही विमा दहा लाखांचाच उतरवला. नुकसान चार लाखांचं झालं, तर कंपनी दोन लाखच देणार, कारण तुम्ही निम्म्याच घराचा विमा उतरवलात. दावा करायला जाईपर्यंत हे गणित कोणी समजावून सांगत नसे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व कंपन्यांसाठी एकसारखी पॉलिसी आली आणि तिच्यात हे कलम काढून टाकलं गेलं. पूर, भूकंप, दरड कोसळणं हे त्यात आहे. शिवाय विमा उतरवायचा तो बांधकामाच्या खर्चाचा, जागेच्या बाजारभावाचा नव्हे. त्यामुळे तिघांत खरा परवडणारा विमा घराचाच, आणि आपण नेमका तोच घेत नाही.

आणि आता आरोग्य विमा. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण होऊन १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. या चौघींनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणला. मध्यमवर्गाला तो आधार वाटला. त्याचा हप्ता बराच काळ आवाक्यात राहिला, त्याचं एक कारण लोकांना दिसत नव्हतं. कारखाने, गोदामं यांच्या आगीच्या विम्याचे दर वरून बांधलेले होते आणि त्यात कंपन्यांना चांगला नफा सुटे. मेडिक्लेमचा तोटा त्यातून भरून निघे. १ जानेवारी २००७ ला दरांवरची बंधनं उठली. मोठ्या कारखानदारांनी घासाघीस करून आगीच्या विम्याचे दर खाली आणले. मग मेडिक्लेमला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं आणि त्याचा बोजा पडला तो घासाघीस करायची ताकद नसलेल्यांवर, म्हणजे वैयक्तिक पॉलिसीवाल्या म्हाताऱ्या माणसांवर. माझ्या थोरल्या बंधूंनी वीसेक वर्षं एकदाही दावा न करता हप्ते भरले. सत्तरी उलटली आणि हप्ता पेन्शनच्या बाहेर गेला. कंपनीत विचारलं तर उत्तर एकच : वयोगट बदलला.

हा कंपनीचा दुष्टपणा म्हणावा का? मला तसं वाटत नाही. विमा म्हणजे भिशीसारखाच एक सामाईक डबा. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं, ज्याच्यावर वेळ येईल त्यानं उचलायचं. पण डबा सांभाळणाऱ्यांत स्पर्धा लागली, की प्रत्येक जण तरुण, निरोगी गिऱ्हाईक शोधतो. नोकरदारांचा मोठा गट एका डब्यात, म्हातारे आणि आजारी दुसऱ्या डब्यात. मग दुसऱ्या डब्याचा हप्ता चढणारच. तो चढला की त्यातले धडधाकट लोक बाहेर पडतात आणि उरलेल्यांचा आणखी चढतो.

म्हणूनच दार उघडलं ते बहुतेक वेळा कायद्यानं, नाहीतर न्यायालयानं. पूर्वी भांडलेल्या विमेदाराच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण मनमानीनं नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सांगितलं. २०११ पासून जुने फायदे न गमावता कंपनी बदलता येऊ लागली. २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणानं नवी पॉलिसी घेण्यावरची वयाची अट काढली आणि पूर्वीपासूनच्या आजारांसाठीची जास्तीत जास्त प्रतीक्षा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता प्राधिकरणाशी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा आदेश निघाला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला.

एवढं होऊनही दार पूर्ण उघडलेलं नाही. वयाची अट काढली, पण पंच्याहत्तरीच्या माणसाला सांगितलेला हप्ता ऐकून तो स्वतःच मागे फिरतो. नाकारण्याचा हाही एक प्रकारच. यावर सगळ्यांना एका डब्यात आणण्याखेरीज दुसरा उपाय मला दिसत नाही आणि तो उपाय कंपन्यांच्या हातचा नाही, सरकारच्या हातचा आहे.

तोवर आपल्या हाती काय? प्रस्ताव अर्ज एजंटाला भरू देऊ नका, स्वतः भरा, आणि आजार लपवू नका. नकार आला तर तो लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करून महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. ही व्यवस्था १९९८ पासून आहे, मुंबईत आणि पुण्यात तिची कार्यालयं आहेत, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. भरपाईची मर्यादा २०२३ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढली आहे. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत जायला हवं. कागद जपून ठेवा आणि तारखा लिहून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)