बदली आणि शाश्वती

‘बदली’ हा शब्द आमच्या वाचकांच्या घरांत नवा नाहीं. सरकारी नोकराच्या मुलांनीं दर तीन-चार वर्षांनीं शाळा बदलावी, गृहिणीनें नव्या गांवीं पुन्हां संसार मांडावा, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलों आहों. ही ओढाताण माणसें सोसतात, याचें कारण बदलीच्या हुकुमाबरोबर नोकरीची शाश्वतीहि पदरांत पडलेली असते. गांव अस्थिर पण पगार स्थिर, असा हा न लिहिलेला करार आहे. यांतील शाश्वती निघून गेली आणि बदली तेवढी राहिली, तर काय घडतें, हें समजून घेण्यास अमेरिकेंतील आय्. बी. एम्. या संगणक-कंपनीच्या इतिहासाइतकें बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदींत इतर कारखानदार माणसें कमी करीत असतां या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनीं आपले कारखाने चालूच ठेवले. १९३५ सालीं अमेरिकेंत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, कोट्यवधि लोकांचे हिशेब ठेवण्याचें काम सरकारवर आलें, आणि त्यासाठीं लागणारीं यंत्रें या कंपनीजवळ तयार होतीं. काम नाहीं म्हणून माणूस काढावयाचा नाहीं, ही परंपरा पुढें अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. मात्र तिचें मोल नोकरांना मोजावें लागे. त्यांना या शहरांतून त्या शहरांत इतक्या वेळां पाठविलें जाई कीं, कंपनीच्या नांवांतील तीन आद्याक्षरांचा अर्थ ‘माझी बदली झाली आहे’ असा लावण्याची थट्टा त्यांच्यांत रूढ झाली. ती थट्टा निर्धास्त माणसांची होती.

१९७९ सालीं कॅलिफोर्नियांतील एका प्रयोगशाळेंत मुख्य संगणकावर कामाची गर्दी होऊं लागली, म्हणून पांच नोकरांच्या घरीं त्याला जोडलेलीं यंत्रें बसविण्यांत आलीं. १९८३ पर्यंत अशा रीतीनें दूर राहून काम करणाऱ्यांची संख्या सुमारें २,००० झाली. पुढें १९९२ सालीं कंपनीला जवळजवळ ५ अब्ज डॉलरांचा तोटा आला. १९९३ सालीं लुई गर्स्टनर हे बाहेरचे गृहस्थ प्रमुख झाले, आणि त्या वर्षीं सुमारें ६० हजार नोकऱ्यांवर गदा आली. जुन्या कराराचा एक पाय तेथें मोडला.

शाश्वती गेली, तरी तिच्या जागीं एक दुसरी वस्तु नोकरांच्या हातीं आली; ती म्हणजे घर. कचेऱ्यांच्या इमारती बाळगण्यापेक्षां नोकरांस घरींच बसविणें स्वस्त पडतें, हें कंपनीनें ओळखलें. आपल्या सुमारें ३,८६,००० नोकरांपैकीं शेंकडा ४० जणांना कचेरीच नाहीं, असें तिनें २००९ च्या अहवालांत अभिमानानें सांगितलें. ५ कोटि ८० लक्ष चौरस फुटांहून अधिक जागा मोकळी करून तिनें जवळजवळ २ अब्ज डॉलर मिळविले होते. असें दूरचें काम करणारा मनुष्य वृद्ध आईबापांजवळ राहूं शकतो, लहान गांवांत बेताच्या किंमतींत घर घेऊं शकतो, पतिपत्नी दोघांच्या नोकऱ्यांचा मेळ घालूं शकतो. हळूहळू त्याचें सारें आयुष्य या अंतराच्याच आधारानें उभें राहतें.

मग २०१७ साल उजाडलें. जवळजवळ पांच वर्षें तिमाहीमागून तिमाही कंपनीचें उत्पन्न घटत होतें. अमेरिकेंतील मार्केटिंग खात्याच्या लोकांनीं न्यू यॉर्क, सॅन फ्रॅन्सिस्को, ऑस्टिन, अटलांटा, राले आणि बॉस्टनजवळील केंब्रिज या सहा ठिकाणीं एकत्र येऊन काम करावें, असा हुकूम निघाला. कोणत्या शहरीं जावयाचें, हें नोकरानें ठरवावयाचें नव्हतें. जाणें नसेल त्यानें कंपनींत दुसरें काम शोधावें, नाहीं तर नोकरी सोडावी.

कंपनीची बाजू पोकळ आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. दोन सहकाऱ्यांच्या टेबलांमधील अंतर वाढूं लागलें कीं त्यांचें परस्परांशीं बोलणें झपाट्यानें कमी होतें, हें प्राध्यापक थॉमस ॲलन यांनीं १९७७ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें होतें. परंतु हें ज्ञान त्या पहिल्या पांच घरीं यंत्रें बसण्याच्याहि आधींचें आहे. सहवासाचें मोल एवढें मोठें होतें, तर इमारती विकतांना तें कोणाच्या हिशेबांत कां आलें नाहीं? जें अंतर कंपनीनें आपल्या बचतीसाठीं निर्माण केलें, तेंच पुढें नोकराचा दोष ठरलें.

मालकाला वाटेल तेव्हां नोकरी संपवितां यावी, हा अमेरिकेंतील सर्वसाधारण नियम आहे. तेव्हां असा हुकूम बेकायदा ठरणें कठीण. पण बडतर्फ झालेल्या माणसाला निदान ‘मला काढलें’ असें म्हणतां येतें. ज्याला घर मोडवलें नाहीं, तो मात्र आपणच नोकरी सोडून गेला, असें दिसतें. हुकुमामागील हेतु ओळखण्याचें सामर्थ्य आमच्यांत नाहीं. त्याचा परिणाम तेवढा आम्हांस दिसतो. २०२४ च्या आरंभीं तेथील व्यवस्थापकांनाहि कचेरीपासून ५० मैलांच्या आंत राहावयास येण्याचें फर्मान सुटलें.

काम घरीं बसून करावें कीं कचेरींत, हा वाद आम्हांला गौण वाटतो. ज्यानें अंतर निर्माण केलें, त्यानें तें मिटविण्याचा खर्चहि सोसावा, एवढाच न्याय येथें पुरे आहे. तो खर्च केवळ सामान हलविण्याचा नव्हे. नव्या गांवीं काहीं वर्षें तरी नोकरी टिकेल, असा लेखी शब्द देण्याचा आहे. वॉटसन यांच्या काळांतील नोकर बदलीची थट्टा करूं शकला, कारण तो शब्द, न लिहितांहि, त्याच्याजवळ होता. आजच्या नोकराला तीं तीन अक्षरें वाचून हसूं येईल, असें आम्हांस वाटत नाहीं.