देहभार-निर्देशांकाचा इतिहास व त्याच्या मर्यादा : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास आज ज्या आकड्यांशी वारंवार गाठ पडते, त्यांत देहभार-निर्देशांक हा एक प्रमुख होय. व्यवहारात ज्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणतात तो हाच. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. १८.५ च्या खाली कृशता आणि २५ पासून पुढे अतिभार, असा सर्वसाधारण दंडक आहे. परभणीसारख्या जिल्ह्यातील लोकांच्या पोषणाविषयी विधाने करताना ह्याच आकड्याचा आधार घेतला जातो. तेव्हा हे माप कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मास आले आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर ते देऊ शकत नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

बेल्जियन ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले (१७९६–१८७४) ह्याने प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे दाखविले. १८३५ च्या त्याच्या ग्रंथात ह्या विचाराची मांडणी आढळते. त्याचा शोध ‘सरासरी मानवा’चा होता, रोगनिदान हा त्याचा हेतू नव्हता. पुढे अमेरिकेत विमाकंपन्यांनी मृत्युमानाच्या आधारे उंची-वजनाची कोष्टके रचली. १९७२ साली अँसेल कीज व त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासून केतलेच्या गुणोत्तरास आजचे नाव दिले. पाहणी पुरुषांचीच होती, आणि समूहांच्या अभ्यासासाठी सोपे साधन हाच तिचा उद्देश होता, हे विसरून चालणार नाही.

दोन्ही सीमारेषांचे मूळही एक नव्हे. २५ ही रेषा मुख्यतः युरोपीय व अमेरिकन लोकसमूहांतील मृत्युमानावरून आली आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने ती रूढ केली. १८.५ ही रेषा १९८८ साली जेम्स, फेरो-लुझी व वॉटरलो ह्यांनी प्रौढांमधील दीर्घकालीन ऊर्जान्यूनता ओळखण्यासाठी सुचविली. एक रेषा समृद्धीच्या विकारांची, दुसरी उपासमारीची. ह्या दोहोंमध्ये जो येईल तो निरोगी, असे अनुमान मात्र दोहोंपैकी कोणतीही रेषा करू देत नाही.

इतिहासकाराच्या दृष्टीने सर्वांत गंभीर अडचण छेदस्थानी आहे. उंची ही स्वतःच इतिहासाची निर्मिती असते. समजा, दोन स्त्रियांचे वजन ४० किलोग्रॅम आहे. एकीची उंची १५२ सेंटिमीटर असेल तर निर्देशांक १७.३ येतो व ती कृश ठरते; दुसरी बालपणीच्या उपासमारीमुळे १४५ सेंटिमीटरवरच खुंटली असेल तर तो १९ येतो व ती सुस्थितीत गणली जाते. म्हणजे जिने अधिक सोसले, तिचेच सोसणे भागाकारात नाहीसे होते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांचे बालपण गेले, त्या मराठवाड्यातील पिढीच्या बाबतीत हा मुद्दा केवळ गणिताचा नव्हे.

खुंटलेल्या उंचीचा अर्थ काय, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ ह्यांनी १९७१ साली उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याचे मोजमाप केले. त्यावर पां. वा. सुखात्मे ह्यांनी, एकाच व्यक्तीची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, अशी भूमिका घेतली. पुढे डेव्हिड सेक्लर ह्यांनी ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली, सी. गोपालन ह्यांनी तिचा कडाडून प्रतिवाद केला. ठेंगणेपण ही तडजोड आहे, आरोग्य नव्हे, हा त्या प्रतिवादाचा गाभा होय.

वादास नवे वळण पुण्यातच मिळाले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी जन्मवजन अनुक्रमे सुमारे २.७ व ३.५ किलोग्रॅम होते. परंतु पुण्याकडील बालकांत स्नायूंच्या मानाने त्वचेखालील चरबी बरीच टिकून होती. २००४ साली याज्ञिक व जॉन युडकिन ह्यांनी स्वतःचेच उदाहरण दिले : दोघांचा निर्देशांक २२.३, पण चरबीचे प्रमाण याज्ञिकांचे २१.२ टक्के व युडकिनांचे ९.१ टक्के. सडपातळ देहातही मधुमेहाची भूमी तयार असू शकते, हे ह्यावरून उमगते.

ह्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ व २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचविले. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कंबर व नितंबांचा घेरही मोजला गेला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परभणीच्या अभ्यासकाने आणखी एक सावधगिरी बाळगावी : १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाल्याने त्यापूर्वीचा ‘परभणी जिल्हा’ व आजचा जिल्हा एक नव्हेत.

हे माप टाकाऊ आहे, असे ह्यावरून सिद्ध होत नाही. तराजू व मोजपट्टी एवढ्यावर भागते, आणि लोकसमूहातील बदलाची दिशा त्यातून कळते. मात्र जिंतूर वा गंगाखेड तालुक्यातील शेतमजूर स्त्रीचा आकडा वाचताना तिची उंची, कमरेचा घेर, श्रम व बालपणीचा आहार ह्यांची पृथक् नोंद हवी. अन्यथा जिची भूक आपण मोजू पाहतो, तिलाच आपण निरोगी म्हणून कोष्टकाबाहेर काढू.