गोठ्यातली राजदूत

सिंदेवाहीतल्या आमच्या घरामागच्या गोठ्यात बैलजोडी विकल्यानंतर दोनच वस्तू उरल्या होत्या. एक लाकडी नांगर आणि दुसरी बाबांची राजदूत. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. शाळा जंगलापलीकडच्या गावात, रस्ता कच्चा, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याला रस्ता म्हणणे हा उपचार. ही गाडी त्यांनी वीस-बावीस वर्षे चालवली. ते निवृत्त झाले, गाडी गोठ्यात गेली, आणि इंजिन जाम झाले ते झालेच.

बाबा गेल्यावर मी ती गाडी नव्याने उभी करायचे ठरवले. खरे सांगायचे तर दुरुस्ती करण्याचा माझा विचार नव्हता. परदेशी मासिकांत पाहिलेल्या बुटक्या, मागचा भाग कापलेल्या, रुंद टायरच्या मोटरसायकलींसारखी एक गाडी मला घरीच बनवायची होती. हेक्सॉ, ग्राइंडर, पाने-पक्कड आणि उसने आणलेले वेल्डिंग मशीन एवढ्या भांडवलावर मी सुरुवात केली. पहिल्याच दिवशी मागचे मडगार्ड कापले. कापलेला तुकडा हातात घेतला तेव्हा आतल्या बाजूला जुन्या पितळी झाळणीची एक रेघ दिसली. हे मडगार्ड कंपनीचे नव्हतेच. ते कोणीतरी आधीच कापून, वर उचलून, पुन्हा जोडलेले होते.

या लेखाची सुरुवात त्या रेघेपासून झाली.

मोटरसायकलचा इतिहास आपण कारखान्यांचा इतिहास म्हणून वाचतो. पण तिचा जन्म घराच्या मागच्या अंगणातला आहे. १८८५ मध्ये गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीतल्या कानस्टाट इथे, डाइमलरच्या बागेतल्या एका छोट्या घरात, लाकडी सांगाड्यावर २६४ सीसीचे पेट्रोल इंजिन बसवले. त्याची ताकद अर्धा अश्वशक्ती होती. अमेरिकेत मिलवॉकी शहरात डेव्हिडसन कुटुंबाच्या परसात दहा बाय पंधरा फुटांची लाकडी शेड होती. १९०३ मध्ये हार्ले-डेव्हिडसनचा संसार तिथे सुरू झाला. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने १९२० सालची इंडियन स्काउट विकत घेतली आणि पुढची चार दशके ती स्वतःच्या शेडमध्ये बदलत राहिला. पिस्टनसुद्धा तो घरीच ओतायचा. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मीठपठारावर त्याच गाडीने त्याने आपल्या वर्गातला वेगाचा विक्रम केला. इंग्लंडमध्ये पन्नास-साठच्या दशकांत नॉर्टनच्या चेसिसमध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून 'ट्रायटन' बनवणारी पोरे होतीच.

या सगळ्यांना वेग हवा होता, किंवा रूप हवे होते. आपल्याकडचा बदल वेगळ्या गरजेतून आला.

स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशके दुचाकी म्हणजे वाट पाहण्याची वस्तू होती. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर ठरे. मोटरसायकल घ्यायची तर नावे बोटांवर मोजण्याइतकी. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला १९५५ पासून बुलेट, म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि पुढे तिचीच येझदी, आणि एस्कॉर्ट्‌सची राजदूत. ही राजदूत मुळात पोलंडची. तिथल्या 'एसएचएल एम-११' या गाडीवरून ती घेतली होती. १७५ सीसीच्या वर्गातले टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, सहा व्होल्टचा दिवा आणि पुढे लांबट, वेगळ्याच ठेवणीचा चिमटा. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटातल्या छोट्या राजदूतला तर लोक 'बॉबी' म्हणूनच ओळखू लागले. पण खेड्यात टिकली ती मोठी राजदूत. दूधवाले, शिक्षक, ग्रामसेवक, धानाचे व्यापारी यांची ती गाडी.

पोलंडच्या रस्त्यासाठी आखलेले हे यंत्र झाडीपट्टीत आले तेव्हा त्याला इथली माती भेटली. आमच्याकडे कन्हार जमीन ओली झाली की चाकाला पिठाच्या गोळ्यासारखी चिकटते. टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा चिखलाने भरते आणि चाक फिरायचे थांबते. यावर कारखान्याकडे उत्तर नव्हते. गावच्या लोहाराकडे होते. त्याने मडगार्ड कापले, चार बोटे वर उचलले, पुन्हा जोडले. धानाचे पोते बसावे म्हणून मागे लांब कॅरिअर केले. हँडलवर वळत्या बाजूला एक आकडी लावली. तिला बाबा शाळेची पिशवी अडकवत.

म्हणजे मी जिला 'साधी जुनी गाडी' समजून कापायला घेतले ती आधीच घडवलेली होती. इथल्या चिखलाने, धानाने आणि एका लोहाराने. आणि मी परदेशी चित्रातल्या गाडीसाठी तोच भाग कापून टाकला होता.

कापलेला तुकडा घेऊन मी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. बाबांच्या काळापासून त्यांनी राजदूत, येझदी, बुलेट सगळ्या उघडल्या आहेत. त्यांनी तुकडा उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, "चेसिसले हात लावला का?" मी म्हटले, अजून नाही, पण मागचा भाग कापायचा विचार आहे. ते म्हणाले, "नोको लावू, भाऊ. चेसिस कापली का कागद मरते."

'कागद मरते' या दोन शब्दांत मोटार वाहन कायद्याचे एक अख्खे कलम आहे. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२, त्यात २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, सांगते की नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ आणखी पक्का केला. राज्याच्या नियमांच्या आधाराने मूळ रचनेत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नवीन गाडी बाजारात आणायची तर तिचा नमुना पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. कारखान्याला ते जमते. गोठ्यात एकच गाडी बनवणाऱ्याला ते परवडणारे नाही.

कायद्याची बाजू खोटी नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचे लोखंड आपली ताकद गमावते, आणि तडा बाहेरून दिसत नाही. तो दिसतो तेव्हा गाडी रस्त्यावर असते, मागे बायको-पोरे असतात. तरीही घरच्या कारागिराला आपल्या व्यवस्थेत जागा कोणती, हा प्रश्न उरतोच.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. भंगारातल्या सुट्या भागांपासून त्यांनी छोटी चारचाकी बनवली आणि ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले. पण त्याच दमात, नियमांमुळे ही गाडी आज ना उद्या थांबवली जाईल, हेही लिहिले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत अदलाबदल झाली. कारागिराचा सन्मान झाला आणि त्याची गाडी रस्त्यावरून उठली, दोन्ही एकाच व्यवहारात. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४ च्या सुमारास बुलेटला मागे दोन चाके आणि औत जोडून 'बुलेट सांती' बनवली, ती दुष्काळात बैल परवडेनासे झाले म्हणून. ती शेतात चालली.

आमच्या भागात या प्रश्नाची एक जुनी बाजू आहे, आणि ती गाडीची नाही, धानाची आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ मध्ये 'पटेल-३' या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या. त्या धानाला तेव्हा गाजत असलेल्या घड्याळाचे नाव मिळाले, एचएमटी. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला आणि मूळ श्रेय कोणाचे यावर बरेच लिहिले-बोलले गेले. आमच्या सिंदेवाहीचे भात संशोधन केंद्र याच विद्यापीठाचे, म्हणून तो विषय इथे चहाच्या टपरीवरही निघे. दादाजी २०१८ मध्ये गेले. पण दरम्यान २००१ च्या कायद्याने एक गोष्ट झाली. शेतकऱ्याने जपलेल्या, निवडलेल्या वाणाची त्याच्या नावाने नोंद होण्याची वाट खुली झाली. बियाणे फक्त संस्थेतच तयार होते, हे गृहीतक कायद्याने सोडले.

लोखंडाच्या बाबतीत अशी वाट नाही. गाडी पडली तर जीव जातो, लोंबी पडली तर नाही, हा फरक मान्य करूनही मला वाटते की एकेकट्याने बनवलेल्या वाहनाला तपासणीची परवडणारी सोय हवी. तपासणीत नापास झाली तर झाली. आज तिला परीक्षेलाच बसता येत नाही.

मिस्त्रींनी त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दाखवली. गोठ्यात येऊन, गुडघ्यावर बसून, त्यांनी बाबांच्या कॅरिअरचे जोड तपासायला लावले. चेसिसला कुठेही वेल्डिंग नव्हते. सगळे कॅरिअर यू-बोल्ट आणि पट्ट्यांवर पकडलेले होते. काढले तर गाडी कारखान्यातून आली तशी. त्या लोहाराने कलम ५२ वाचले नसणार. तेव्हा ते आजच्या रूपात नव्हतेही. पण ज्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो ते लोखंड तापवायचे नाही, एवढे त्याला ठाऊक होते.

मग गाडीचा बेत बदलला. इंजिन उघडले, तेव्हा पिस्टन सिलिंडरला चिकटलेला निघाला. रॉकेल ओतून आठ दिवस ठेवला, लाकडी ठोकळ्याने हळूहळू सोडवला. सिलिंडर खरादीवाल्याकडे बोअर करून आणला आणि ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा बसवल्या. क्रँकचे बेअरिंग, तेलसील, क्लचप्लेटा बदलल्या. पॉइंट घासून गॅप लावला. मडगार्ड मिस्त्रींनी स्वतः पुन्हा जोडले, जुन्याच उंचीवर, पितळी झाळणीनेच. आता तिथे दोन रेघा आहेत. एक त्या लोहाराची, एक माझ्या चुकीची.

सीट मात्र मी माझ्या मनाची केली आणि टाकीला बाबांच्या शाळेच्या कौलांचा तांबडा रंग द्यायचे ठरवले. पण रंगही प्रमाणपत्रावर नोंदलेला असतो, म्हणून तो आधी नोंदवावा लागेल. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ते बरीच वर्षे राहिले आहे. दंड भरावा लागेल, तोवर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही, असे आईने बजावले आहे.

दिवाळीनंतर इकडे मंडईचे दिवस सुरू होतात आणि गावोगाव झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. बाबा याच राजदूतवर आईला मागे बसवून नाटकाला नेत. परतताना पहाटे जंगलात सहा व्होल्टचा दिवा मंद झाला की ते क्लच दाबून इंजिन नुसतेच वाढवत, म्हणजे उजेड वाढे, आणि आई म्हणे, "आता तरी चाला." परवा किक मारल्यावर गाडी तिसऱ्यांदा सुरू झाली. आई ओसरीवरून उठून आली, कॅरिअरच्या पट्टीला हात लावून पाहिला, आणि आकडी कुठे गेली म्हणून विचारले. ती मी काढून डब्यात ठेवली होती. दुपारी परत लावली.