जीपचा जीर्णोद्धार

१९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या सैन्यखात्यानें १३५ कारखानदारांकडे एक मागणी धाडली. चारही चाकांना गति मिळणारी, खाचखळग्यांतून निभावून जाणारी व वजनानें हलकी अशी एक लहान गाडी हवी होती. आणि तिचा पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत पाहिजे होता. बहुतेकांनीं ही गोष्ट अशक्य म्हणून सोडून दिली. बँटम नांवाच्या एका डबघाईस आलेल्या कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्याच्या साहाय्यानें ती पत्करली व २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी सैन्याच्या हवालीं केली. पुढें तिचे नकाशे विलिस व फोर्ड ह्या बड्या कारखान्यांच्या हातीं गेले, आणि युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. ज्या बँटमनें वाट दाखविली, तिच्या वांट्याला त्या मानानें फारच थोडें काम आलें.

युद्धांत खर्ची पडावयाची ती वस्तु. ती ऐंशी वर्षांनंतरही कोणी दुरुस्त करून भाजीबाजाराला नेईल, अशी कल्पना तिच्या जनकांना शिवलीही नसेल. तथापि नाशिकसारख्या गांवीं हा प्रश्न खरोखरच उभा राहतो, आणि त्याला कारणेंही तशींच आहेत. शेजारीं देवळालीला इंग्रजी अमदानीपासून लष्कराची मोठी छावणी. तोफखान्याची शाळाही तेथेंच आली. जिल्ह्याचा पश्चिम भाग म्हणजे पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबक. पावसाळ्यांत जेथें साधी मोटार हात टेकी, तेथें जीप जाई. मामलेदाराची जीप, जंगलखात्याची जीप, साखर कारखान्याची जीप आणि पुढें उतारूंनीं खचाखच भरलेली काळीपिवळी जीप, हीं सर्व रूपें पुष्कळ श्रोत्यांच्या परिचयाचीं असतील.

ह्या गाड्या आल्या कोठून? कांहीं युद्धानंतर डिस्पोजलच्या मालांतून आल्या. परंतु बहुसंख्य गाड्यांचें कुळ निराळें आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं के. सी. महिंद्र व जे. सी. महिंद्र हे बंधु आणि मलिक गुलाम महंमद ह्यांनीं ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें झालें. पोलादाच्या व्यापारापासून आरंभ केलेल्या ह्या कंपनीनें लवकरच विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईंत माझगांवला गाड्या जोडावयास सुरुवात केली. त्यांपैकीं ‘सीजे-३बी’ हा नमुना येथें विशेष रुजला. त्याचें नवें इंजिन जुन्यापेक्षां उंच, म्हणून बॉनेटही उंच. ती ताठ मान दुरूनही ओळखूं येते. अमेरिकेंत हा नमुना १९६८ सालीं बंद पडला; भारतांत त्याच घडणीच्या गाड्या पुढें कित्येक वर्षें निघत राहिल्या. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत ह्याच कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि २०१० सालीं बाजारांत आलेली ‘थार’ ही त्याच वंशांतली गाडी तेथेंच बांधली गेली.

ह्या दीर्घ परंपरेचा लाभ असा, कीं जुन्या जीपला लागणारे पुष्कळसे भाग अद्याप मिळूं शकतात. तोटाही त्यांतच आहे. सर्व भाग एकमेकांना बसत असल्यामुळें पन्नास वर्षांत पांच गाड्यांचे अवयव एकीच्या अंगावर चढलेले असतात. फोर्डनें युद्धकाळांत बांधलेल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धां ‘एफ’ हें अक्षर उठविलेलें असे; त्यावरून जाणता मिस्त्री मूळचा भाग कोणता व उपरा कोणता हें सांगूं शकतो. विलिसच्या चासीचा पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल, तर फोर्डचा चौकोनी, ही दुसरी खूण. आणि १९७३ नंतर पेट्रोल कडाडलें तेव्हांपासून तर कित्येक जीपांचें इंजिनच काढून तेथें डिझेलचें बसविण्यांत आलें. हा भ्रष्टाकार होय, असें शुद्धतावादी म्हणतात. तें पुरतें खरें नव्हे. मालकाला गाडी चालवावयाची होती, आणि तिनें पोट भरावयाचें होतें; त्या इंजिनामुळेंच ती भंगारांत जाण्यापासून वांचली. मात्र जड इंजिनानें पुढचे पाटे बसतात, चासीला भेगा पडतात, हेंही तितकेंच खरें.

पांडवलेण्यांतला एक दगडही कोणी बदलीत नाहीं. पण पूजेंतल्या देवळाला नवी फरशी बसते, गाभाऱ्यांत वीज येते. रोज चालवावयाची जीप ही देवळाच्या जातीची. तेव्हां कांहीं बदल करावेच लागतात, आणि ते कोणते हाच जीर्णोद्धाराचा खरा विचार होय.

पहिला मान ब्रेकांचा. जुन्या जीपला चारही चाकांसाठीं तेलाची एकच वाट असते. एक नळी फुटली कीं चारही ब्रेक एकदम जातात. कसाऱ्याच्या घाटांत असें झालें म्हणजे काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून पुढच्या व मागच्या चाकांना स्वतंत्र वाट देणारा मास्टर सिलिंडर बसविणें, ह्यांत गाडीचा अपमान मुळींच नाहीं. युद्धकाळच्या गाडीची वीज सहा व्होल्टची. तिच्या दिव्यांनीं आजच्या महामार्गावर रात्रीं जाणें धोक्याचें, तेव्हां बारा व्होल्टची योजना करावी. स्टिअरिंगचा खेळ वाढला असेल, तर पेटीपासून किंगपिनच्या बेअरिंगपर्यंत सर्व सांधे तपासावे. एकच भाग बदलून हा रोग जात नाहीं. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. त्यानें जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खराब होतो, टाकीच्या तळचा गाळ सुटून कार्बोरेटरमध्यें येतो. विलिसच्या युद्धकालीन गाडींत टाकी चालकाच्या आसनाखालीं असते, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे जुनी नळी राखण्याचा मोह आपोआप सुटतो.

वेगाविषयीं मात्र गाडीचेंच ऐकावें. सीजे-३बीच्या मागच्या आंसाचें प्रमाण ५.३८, म्हणजे ताशीं ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारें २,४०० फेरे घेतें, आणि ९० ला सुमारें साडेतीन हजार. हें तिचें सुखाचें चालणें नव्हे. तसेंच कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांची गति जोडूं नये; पुढच्या व मागच्या आंसांमध्यें फरक सोसणारी योजना तिच्यांत नसल्यामुळें सगळा ताण दांत्यांवर येतो.

राहतां राहिला कायदा. २०२१ च्या जुलैमध्यें केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठीं वेगळें प्रकरण आलें. पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपांत राखलेली गाडी २०,००० रुपये भरून ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. तिला ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला क्रमांक मिळतो. परंतु अशी गाडी प्रदर्शन, मिरवणूक, इंधन भरणें, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणतां येते; नेहमींच्या वापराला तिला मनाई आहे. म्हणजे हा मान स्वीकारणाऱ्यानें रोजची फेरी सोडली पाहिजे. ज्याला फेरी हवी, त्यानें साधी नोंदणीच जिवंत ठेवावी. ती पहिल्या पंधरा वर्षांनंतर पांच-पांच वर्षांनीं, गाडी तपासून, वाढवून मिळते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें मूळ घडणींत मनमानी फेरफार चालत नाहीं. इंजिन बदललेलें असल्यास त्याची नोंद पुस्तकांत आहे कीं नाहीं, हें गाडी विकत घेण्यापूर्वींच पाहावें. आणि चासीचा गंज खरवडतांना तिच्यावर ठोकलेला क्रमांक आधीं झांकून घ्यावा. तपासणीच्या वेळीं त्यावर कागद धरून पेन्सिलीनें ठसा घेतात. तो आंकडा उमटला नाहीं, तर बाकी सर्व मेहनत घरच्या अंगणांतच उभी राहते.