मेंढीच्या कुशींतील खिडकी

गाय सकाळीं चरून येते आणि दुपारीं सावलींत बसून, डोळे अर्धवट मिटून रवंथ करते, हें दृश्य आमच्या वाचकांस इतकें परिचित आहे कीं, त्यांत कांहीं गूढ असेल अशी शंकाहि सहसा येत नाहीं. माणसाला न पचणाऱ्या गवताचें गाईच्या पोटांत दूध कसें होतें? मेलेलें जनावर चिरलें असतां पोटाचे चार कप्पे दिसत. त्यांचें चालू काम मात्र दिसत नसे. तें जिवंतपणींच पाहणें प्राप्त होतें.

फ्रान्समधील फ्लूरांस या शरीरशास्त्रज्ञानें १८३३ च्या सुमारास मेंढ्यांच्या पोटांस छिद्रें पाडून रवंथाची क्रिया अभ्यासिली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील लष्करी डॉक्टर बोमाँट यानें सेंट मार्टिनवरील प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८२२ सालीं बंदुकीचा बार लागून या मनुष्याच्या पोटाला कायमचें भोंक पडलें होतें. सेंट मार्टिन प्रसंगीं डॉक्टरास सोडून घरीं निघून गेला. मेंढीला ती सोय नव्हती. भूल देण्याची विद्याहि तेव्हां नव्हती. ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टन येथें १८४६ सालीं झाला; आणि नवल असें कीं, क्लोरोफॉर्मनें जनावरांस गुंगी येते हें पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या विद्वत्सभेस सांगणारा हाच फ्लूरांस होय.

पुढें पद्धत सुधारली. पोटाचा कप्पा कुशीच्या कातडीस शिवून छिद्रांत झाकणाची नळी बसवावयाची; जखम भरली कीं जनावर पूर्ववत् चरतें, रवंथ करतें व वर्षानुवर्षें जगतें. दक्षिण आफ्रिकेंतील ऑंडरस्टेपोर्ट येथें १९३८ सालीं क्विन व त्याच्या सहकाऱ्यांनीं अशा मेंढ्यांच्या पोटांत चाऱ्याच्या रेशमी पिशव्या सोडून पचनाचें माप घेतलें. केंब्रिज येथें १९४४ सालीं बारक्रॉफ्ट, मॅकॅनली व फिलिप्सन यांनीं दाखविलें कीं, पहिल्या मोठ्या कप्प्यांत चारा आंबून होणारीं अ‍ॅसेटिक वगैरे आम्लें तेथूनच रक्तांत शोषलीं जातात. म्हणजे गवत फोडतात ते सूक्ष्म जंतु; जनावर जगतें तें मुख्यतः त्यांच्या कमाईवर.

भेदरलेलें वा दुखावलेलें जनावर नीट रवंथ करीत नाहीं. म्हणून जनावर स्वस्थ नसेल तर प्रयोगाचा निष्कर्षहि भरंवशाचा राहत नाहीं. येथें दया व शास्त्र यांची वाट एकच होते. परंतु एवढ्यानें भुलीवांचून चिरलेल्या त्या पहिल्या मेंढ्यांचें देणें फिटलें, असें आम्हांस म्हणवत नाहीं. शास्त्राच्या वहींत जमा पुष्कळ झाली. ती ज्यांच्या अंगांतून निघाली त्यांना कोणीं विचारलें नव्हतें, एवढी नोंद तरी खर्चाच्या बाजूस राहावी.