रेघ १८२७ ची, सरहद्द १९५६ ची

१९०५ नंतर सर्व्हे ऑफ इंडियाने नवे रंगीत नकाशे काढायला घेतले. मैलाला एक इंच हे प्रमाण. पाणी निळं, समोच्च रेषा तपकिरी. त्यांतल्या ४७ एल या क्रमांकात कोल्हापूर, कुरुंदवाड, निपाणी, चिकोडी असा आमचा मुलूख येतो. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा या चारही नद्या त्यात. आणि त्यांच्यामधून जाणारी हद्दीची रेघ: एका अंगाला इंग्रजांचा बेळगाव जिल्हा, दुसऱ्या अंगाला कोल्हापूर संस्थान.

ही रेघ आली कुठून? पेशवाई बुडताना इंग्रजांना मदत केली म्हणून चिकोडी आणि मनोळी कोल्हापूरला मिळाले होते. १८२७ च्या तहात इंग्रजांनी ते परत काढून घेतले. म्हणजे हा छत्रपतींना बसलेला दंड. भाषा, पाणी, सोयरीक कुणी विचारलीच नाही. मोजणीदारांनी होती ती हद्द कागदावर उतरवली, एवढंच. पण छापील कागदाचा दरारा असा, की बघणाऱ्याला वाटावं, नदीइतकीच जुनी असणार ही.

माणसं मात्र ती ओलांडूनच जगत होती. १८९९ मध्ये निपाणीजवळ स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, ती दोन्हीकडच्या जैनांची. सभेचे अण्णासाहेब लठ्ठे जन्मले कुरुंदवाडला, राहिले बेळगावात आणि दिवाण झाले कोल्हापूरचे. आचार्य शांतिसागरांचं भोज तर दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरचं. मुनी विहाराला निघाले की हद्द कुठली विचारतात! चातुर्मासात थांबायचं ते पावसातल्या जीवजंतूंसाठी, नाक्यासाठी नव्हे.

१९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं. रेघेचे दोन्ही काठ एका राज्यात आले. राहिली ती नुसती जिल्ह्याची हद्द. पण १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि निपाणीच्या बाजूला राज्याची सरहद्द बरीचशी त्याच जुन्या रेघेवर बसली. दंडाची रेघ भाषेची म्हणून आमच्या पदरात पडली. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं. तेही झालं नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

सीमेवरून भांडताना नकाशा पुढे केला जातो. खुशाल करावा. पण आधी विचारावं: ही रेघ कुणी ओढली, आणि कशापायी? रेघ कुठून जाते एवढंच नकाशा दाखवतो.